मुकुटाविना आलेला कळप

डोंगरावरची जनावरं उतरायची त्या दिवशी गावात कुणी घरात थांबत नाही. पाळण्यातलं पोर आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस सोडलं, तर सगळं गाव सकाळीच वेशीबाहेरच्या मोकळ्या कुरणात येऊन उभं राहतं. अफ्राही उभी होती. आठवा महिना सरत आलेला, पाय सुजून बुटात मावेनात, तरी उभी होती. सासूने, क्रेसेन्झबाईने, घरून तिपाई उचलून आणली होती. ती दोघींच्या मधे रिकामीच पडली होती.

"बस गं जरा. तू उभी राहिलीस म्हणून जनावरं काही पळत यायची नाहीत."

"बसले तर उठता येणार नाही, आई."

"मग त्यात काय. गाभण गाय बसली तर चौघं मिळून उठवतोच की आपण."

आजूबाजूच्या बायका हसल्या. अफ्राही हसली, पण तिची नजर वरच्या वळणावरून हलली नाही.

अफ्राचा नवरा मागनूस गावची गुरं राखायचा. जून लागला की आल्गॉयच्या डोंगराळ मुलखातल्या त्या खोऱ्यातली सगळी तरणी जनावरं घेऊन वर जायचं आणि सप्टेंबरात ज्याचं त्याला मोजून परत द्यायचं, हे त्याचं काम. त्याच्या बापाचंही हेच होतं. लग्न झाल्यापासून अफ्रा दर उन्हाळ्यात त्याच्याबरोबर वरच्या लाकडी झोपडीत राहिली होती. लेक वाल्ली तिथेच चालायला शिकली. पण वाल्लीनंतर दोनदा पाळणा माळ्यावरून खाली आला आणि दोनदा रिकामाच परत वर गेला. दुसऱ्या वेळी तर अफ्राच जाता जाता राहिली. म्हणून यंदा डॉक्टरांनी बजावलं होतं, चढ चढायचा नाही. मागनूस, दहा वर्षांची वाल्ली आणि मागनूसचा जुना जोडीदार फिडेल, अशी तिघंच वर गेली होती.

ती गेली त्या दिवसापासून अफ्राने एक नेम धरला होता. सकाळी उठून ओढ्याकाठच्या संत वेंडेलिनच्या देवळीत मेणबत्ती लावायची, गुडघ्यावर बसून पूर्ण जपमाळ ओढायची, आणि तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. वेंडेलिन हा गुराख्यांचा संत. नेम एकदाही चुकला नव्हता. आजही ती तो करूनच आली होती. पण नेम धरणाऱ्याला आतून ठाऊक असतं, की नेमाने देव बांधला जात नाही. बांधलं जातं ते आपलं मन, आणि तेही घटकाभर.

आज तिला फक्त मुकुट दिसायला हवा होता.

उन्हाळाभर सगळं सुखरूप पार पडलं असेल, तर कळपाच्या पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढवतात. देवदाराच्या डहाळ्या, रानफुलं, मधे एक क्रूस, आणि दृष्ट लागू नये म्हणून इवलासा आरसा. नवऱ्यामुलाच्या बाशिंगाहून भारी प्रकरण असतं ते. गाईलाही त्याचा तोरा चढतो आणि ती मान ताठ धरून चालते. एखादं जनावर दरीत पडून दगावलं असेल, तर मुकुटाऐवजी शिंगाला काळी फीत बांधतात. आणि गुराख्याच्या घरातलं किंवा जोडीचं माणूसच गेलं असेल, तर गाईला काहीच बांधत नाहीत. नुसतं बोडकं डोकं. निरोप घेऊन कुणाला पुढे धाडत नाहीत. वळणावर पहिली गाय दिसली की खालच्यांना कळतं.

आधी घंटा ऐकू आल्या. गुरांच्या गळ्यातल्या थोराड पितळी घंटांचा तो आवाज डोंगर गडगडावा तसा येतो. पोरं ओरडली, "आले, आले!" बँडवाल्यांनी तुताऱ्या तोंडाला लावल्या आणि पहिला सूर निघालाही.

वळणावर तपकिरी कालवड दिसली. तिच्या डोक्यावर काही नव्हतं.

अफ्राला आधी वाटलं, आपल्याला नीट दिसत नाही. ऊन डोळ्यांवर येतंय. तिने कपाळावर हात धरला. कालवड दोन पावलं पुढे आली. शिंगं मोकळी होती. काळी फीतसुद्धा नव्हती.

बँड एकदम थांबला नाही. एकेक वाद्य गळत गेलं. शेवटी एक तुतारीवाला, ज्याची पाठ डोंगराकडे होती, तो एकटाच वाजवत राहिला. कुणीतरी त्याच्या दंडाला हात लावला, तसा तोही थांबला.

मग अफ्राच्या भोवतीची माणसं हळूच मागे सरली. कुणी ठरवून सरलं नाही. बायकांनी जमिनीकडे पाहिलं, पुरुषांनी टोप्या काढल्या. मघाशी हसलेल्या बायकांपैकी एकीने आपलं पोर उचलून कडेवर घेतलं. क्रेसेन्झबाई मटकन तिपाईवर बसली. तिचा धाकटा मुलगा लढाईत रशियात गेला होता. तो परत यायचा नाही हे सांगायला पोस्टमन आला, तेव्हाही ती अशीच मटकन बसली होती.

"आई," अफ्रा म्हणाली, "कोण?"

सासूने मान हलवली. तिला तरी काय ठाऊक?

वर तिघंच होती. मागनूस, वाल्ली, फिडेल. अफ्राचे हात कोटाच्या खिशातल्या जपमाळेकडे गेले आणि ओठ आपोआप हलू लागले. हे मारियामाते, वाल्ली नको. मग ते शब्द ऐकून तिची तीच दचकली, कारण त्याचा अर्थ मागनूस असा होत होता. मागनूसही नको. दोघंही नकोत. मग उरलं कोण? आणि पुढचा शब्द तिने मनात आणला नाही, तो आपसूक आला. फिडेल असू दे. त्याला बायको नाही, पोर नाही, साठी उलटलीय. फिडेल असू दे, माते. इतकी वर्षं जप करणाऱ्या आपल्या तोंडून असली प्रार्थना निघू शकते, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तिने ती परत घेतली नाही.

कालवडीच्या मागून एक निळा झगा दिसला. दोरी धरून वाल्ली चालत होती.

पोर जिवंत आहे. पोर चालतेय. मान खाली, वेण्या सुटलेल्या, चेहरा राखेसारखा. पण चालतेय. मग तिच्या मागून, काठी टेकत, जनावरांना हाकारत, आखूड पायांचा, पांढऱ्या दाढीचा फिडेल वळणावरून बाहेर आला.

त्यांच्या मागे गुरंच गुरं होती. अफ्रा पाहत राहिली. तपकिरी पाठी, शिंगं, घंटा, पुन्हा पाठी. मागनूस उंच माणूस, गर्दीतही खांदाभर उंच उठून दिसायचा. शेवटचं जनावर वळणावरून आलं आणि मागे नुसती वाट उरली.

तिला घेरी आली नाही. उलट सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं. गवताची पाती, कुणाच्या तरी बुटाची सुटलेली नाडी. ती पुढे निघाली. सासू मागून म्हणाली, "थांब गं, त्यांना येऊ दे," पण अफ्रा रस्त्याच्या मधोमध, कळपाच्या समोर जाऊन उभी राहिली. निदान पोरीला आधी कवेत घ्यावं, बाकीचं मग ऐकावं.

वाल्लीने मान वर केली. तिने आईला पाहिलं आणि तिच्या हातून दोरी गळली.

ती धावत येईल म्हणून अफ्राने हात पसरले. पोर धावली नाही. जागच्या जागी थिजली आणि तिने तोंडावर दोन्ही हात दाबले. तेवढ्यात फिडेल पुढे झाला. त्याने वाल्लीला खांद्याला धरून मागे ओढलं, आपल्या पाठीआड घातलं, आणि काठी आडवी धरून छातीवर क्रूसाची खूण केली. त्याची दाढी थरथरत होती.

"तिथेच थांब," तो म्हणाला. "देवाच्या नावाने सांगतो, अफ्रा, तिथेच थांब. काय हवं ते सांग. तुझ्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा घालू, वर्षभर घालू, माझ्या पदरच्या पैशाने घालू. पण पोरीला न्यायला येऊ नकोस. हवं तर मला ने. मी म्हातारा आहे, माझ्यामागे रडायला कुणी नाही."

अफ्राला शब्द कळले, अर्थ कळला नाही. एवढंच कळलं, की ज्याचं मरण आपण आत्ता देवाजवळ मागितलं, तोच माणूस आपल्या लेकीपुढे ढाल होऊन उभा आहे. तिने पसरलेले हात खाली घेतले.

"फिडेलकाका, असं काय बोलता? मी आहे."

"तेच म्हणतोय ना. तू आहेस ते दिसतंय मला."

मागून क्रेसेन्झबाई तरातरा आली, तिपाई हातात तशीच. "अरे फिडेल, सकाळीच लावलीस की काय? माझी सून जिती-जागती उभी आहे आणि तू तिला मिस्सा घालतोस? हात लावून बघ तिला."

फिडेल हलला नाही. म्हातारीने त्याचा हात मनगटाला धरला आणि अफ्राच्या गालावर नेऊन टेकवला. त्याचा हात गार होता, अफ्राचा गाल गरम. तो तसाच उभा राहिला, मग गुडघ्यातून वाकत खाली बसला आणि टोपी तोंडाशी धरून लहान पोरासारखा रडायला लागला. आता वाल्ली आली. पण धावत नाही. एकेक पाऊल टाकत आली, आईच्या पोटाला बोट लावून पाहिलं, मग कोटाच्या बटणाला, मग हनुवटीला. मग तिने आईच्या अंगात तोंड खुपसलं.

"बाबा म्हणाले, रडायचं नाही," ती आतूनच बोलली. "रडलं की जनावरं बुजतात. मी वाटेत एकदाही रडले नाही."

"बाबा कुठायत?"

वाल्लीने फिडेलकडे पाहिलं. फिडेलने टोपी खाली घेतली.

"म्हणजे?" तो म्हणाला. "मागनूस घरी नाही आला?"

मग थोडं थोडं करून सगळं कळलं. काल सकाळी तिघं वरची जनावरं गोळा करत होती. दोन दिवस वारा पलीकडचा होता, काल फिरला आणि खालून चर्चच्या घंटा ऐकू आल्या. त्या गावात मयताला तीन घंटा. थोरली पुरुषाची, मधली बाईची, धाकटी पोराची. काल आधी मधली वाजली. मागनूस हातातलं काम टाकून ऐकत उभा राहिला. मधली थांबली आणि धाकटी सुरू झाली.

"बाई आणि पोर," फिडेल म्हणाला. "एकामागून एक. असं कधी वाजतं, ते तुम्हाला काय सांगायचं? गावात दिवस गेलेली बाई एकच. डॉक्टर काय म्हणाला होता तेही आम्हाला ठाऊक. मागनूसला तेव्हाच पळत सुटायचं होतं, पण निम्मी जनावरं अजून कड्यापलीकडे होती, आणि जनावरं गावाची. ती गोळा करेतो दिवस गेला, मग धुकं उतरलं. आज उजाडताच म्हणाला, मी घळीच्या वाटेने पुढे होतो, तू पोरीला घेऊन सावकाश ये. आणि मुकुट बांधू नकोस."

गर्दीत कुणीतरी वाट करून पुढे आलं. घंटा वाजवणारा कोर्बिनियान. त्याचा चेहरा पडला होता.

"पण ती तर योझेफा," तो म्हणाला. "काल आपण योझेफाला पुरलं."

योझेफा म्हणजे गावची शिवणकाम करणारी म्हातारी, ऐंशी ओलांडलेली, झोपेतच गेली. लग्न केलं नव्हतं तिने. आणि ज्या बाईने लग्न केलं नाही, ती कितीही वर्षांची होऊन गेली, तरी तिला पुरताना मधल्या घंटेमागून धाकटी वाजवायची, ही तिथली जुनी रीत. पोरासारखीच कोरी म्हणून. शवपेटीवर पांढरा मुकुट ठेवायचा, पांढऱ्या फिती लावायच्या. असं मरण गावात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. वर कड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला म्हातारी योझेफा कुठून आठवावी?

"मी रीतीप्रमाणेच वाजवली," कोर्बिनियान म्हणाला. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, तरी त्याने ते पुन्हा सांगितलं. "रीतीप्रमाणेच वाजवली मी."

अफ्राने कळपाच्या डोक्यावरून घळीकडे पाहिलं. घळीची वाट निम्म्या वेळात गावात आणते. तरी ती कुणी धरत नाही. खाली पाणी, वर कातळ, मधे पाण्यावर टाकलेल्या दोन फळ्या. रात्रभर पाऊस लागला होता. उजाडता निघालेला माणूस कळपाच्या कितीतरी आधी घरी पोचायला हवा होता.

भीती मघाशी आली होती ती वेगळी. ती झालं-गेलं ऐकण्याची होती. ही आता चालू होती, या घटकेला, आणि तिचं कारण ती स्वतः होती. काहीही न करता, नुसती जिवंत राहून.

पुरुषांनी फार चर्चा केली नाही. दोघं दोर आणायला गेले, चौघं तसेच निघाले. कोर्बिनियान सगळ्यांच्या पुढे होता. अफ्राही निघाली, तेव्हा सासूने तिचा दंड धरला.

"तू कुठे?"

"मी पण जाते."

"घळीत? या पोटाने? एक पुरेसा नाही का त्या पाण्याला?" म्हातारीचा आवाज कापला आणि लगेच कडक झाला. "मी घरी जाऊन बघते. न जाणो, मागच्या दाराने येऊन बसला असेल. तू इथे बस. वाल्ली, आईला बसव."

अफ्रा बसली. समोर जनावरांची वाटणी सुरू झाली, कारण ती थांबवता येत नाही. ज्याची त्याने ओळखून वेगळी काढायची. एरवी या वेळी बिअर फिरते, चीज घातलेल्या श्पेत्स्लेच्या गरम शेवयांचा वास सुटलेला असतो. आज माणसं हळू आवाजात जनावरांना हाका मारत होती. वाल्ली आईचा हात दोन्ही हातांत धरून बसली होती. त्या हाताची बोटं ती मोजत होती.

अफ्राने जप सुरू केला. पहिल्याच मण्यावर तिची बोटं थांबली. घळीत शोधायला गेलेली माणसं पाण्यात बघणार, कपारीत बघणार. तिच्या मनात वेगळंच आलं. मी मेले असं समजून जो निघाला, तो इथवर पोचला, तर आधी कुठे जाईल? घरी? घरी काय आहे? थंड चूल आणि आई. सोळा वर्षं ती त्याच्याबरोबर होती. जखमी वासराजवळ तो कसा बसतो, दोन्ही वेळा त्या चिमुकल्या खड्ड्याशी कसा बसला होता, ते तिला ठाऊक होतं. घळीची वाट चर्चच्या मागे निघते. चर्चच्या मागे कबरस्तान.

"चल," ती वाल्लीला म्हणाली. "मला उठव."

गाव मोकळं पडलं होतं. दारं लोटलेली, खिडक्यांतल्या लाल फुलांवरून रात्रीचं पाणी ठिबकत होतं. त्यांच्याच बुटांचा आवाज भिंतींना लागून परत येत होता. अफ्राला लवकर चालवत नव्हतं आणि लवकर चालायचं धाडसही होत नव्हतं. तो तिथे असेल तर एक भीती, नसेल तर दुसरी. फिडेलची दाढी कशी थरथरत होती ते तिला आठवलं. फिडेल तर परका. मागनूसने वळून पाहिलं आणि आपण दिसलो, तर त्याचं काळीजच थांबलं, मग?

चर्चच्या भिंतीपाशी येऊन ती थांबली. फाटकाच्या दगडी पायरीवर ओल्या चिखलाचे गोळे पडले होते. घळीतला चिखल निळसर असतो. हा निळसर होता.

ती भिंतीआडून पाहू लागली.

त्या गावात माणसं ज्या क्रमाने जातात त्या क्रमाने पुरतात, ओळीने. ओळीच्या टोकाला काळ्या मातीचा ताजा ढिगारा होता. क्रूस अजून लागला नव्हता, नाव नव्हतं. मातीवर तारेत गुंफलेला छोटा पांढरा मुकुट आणि पावसाने चिकटलेल्या पांढऱ्या फिती. मागनूस त्याच्याशी गुडघे टेकून बसला होता. टोपी शेजारी मातीत. एक बाही वरपासून खालपर्यंत फाटलेली, हाताला रक्त सुकलेलं. तो जिवंत होता. त्याचे खांदे हलत होते आणि तो काहीतरी बोलत होता.

वाल्लीने तोंड उघडलं. अफ्राने तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

भुतं काय बोलतात? भुतं नावाने हाका मारतात, रडतात, काही मागतात. अफ्राने ठरवलं, आपण यातलं काही करायचं नाही. तिने रोजचा आवाज आणला. तो आणायला तिला दोनदा घसा साफ करावा लागला.

"ओल्या मातीत बसलायस, ती विजार धुणार कोण?"

मागनूस वळला नाही. दचकलाही नाही.

"उठतोच," तो म्हणाला. "थोडा वेळ बसू दे."

आणि मग, त्याच शांत सुरात, मातीकडे बघत, "बाळाचं नाव काय म्हणालीस? फादर विचारतील. मुलगा होता की मुलगी, तेही सांगितलं नाहीस मला."

तो मघापासून तिच्याशीच बोलत होता. तिचा आवाज त्याला मातीतूनच येत होता, सकाळपासून येत असेल. आता भिंतीआडून कितीही बोललं, तरी त्याला ते तिथूनच येणार होतं. या माणसाला आपण मिळालो आहोत की कायमचे हरवलो आहोत, हे तिला कळेना.

ती फाटकातून आत गेली. त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. वाकता येत नव्हतं, म्हणून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने मान खाली घातली, देवळात फादरने हात ठेवल्यावर घालतात तशी. मग त्याचं अंग ताठ झालं. हात गरम होता. केसांतून त्याला ते जाणवलं असावं. तो वळू मात्र शकत नव्हता. त्याला पाहायचंच नव्हतं. पाहिलं आणि मागे कुणी नसलं, तर?

"बाबा," वाल्ली म्हणाली. "आई आहे. मी बोटं मोजली. सगळी आहेत."

त्याने लेकीचा आवाज ओळखला आणि वळला. अफ्राने त्याचा रक्ताळलेला हात घेऊन आपल्या पोटावर कोटाखाली दाबून धरला. तो तिच्या तोंडाकडे पाहत नव्हता, आपल्या हाताकडे पाहत होता. तिघंही थांबली. आत काही हललं नाही.

अफ्राला तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून पोर हललेलंच नाही. वळणावर बोडकी गाय दिसल्यापासून तिला त्याची आठवणच राहिली नव्हती. दुसऱ्या वेळी असंच झालं होतं. आधी एक सबंध दिवस अशीच शांतता. तिने मागनूसचा हात आणखी घट्ट दाबला आणि तोंडाने म्हणाली, "झोपलं असेल."

"असेल," तो म्हणाला.

चर्चच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं. खालच्या कुरणातून घंटांचा आवाज येत होता, आता तुटक, एकेका जनावराचा. अफ्रा जप करत नव्हती. तिच्याजवळ शब्दच उरले नव्हते. ती फक्त उभी होती, मन उघडं ठेवून, हात न जोडता. पुढे ती म्हणायची, खरी प्रार्थना आयुष्यात केली असेल तर ती तेवढीच.

मग आतून एक ढुशी बसली. हलकी, आळसावलेली. दोघांनाही ती एकदमच कळली. मागनूसने दुसऱ्या हाताने तिचा घोटा धरला आणि कपाळ तिच्या गुडघ्याला टेकवलं, आणि बराच वेळ ते उचललं नाही.

वाल्लीला तिने पुरुषांना परत बोलवायला पिटाळलं. पोर पाठ वळवायला तयार नव्हती. फाटकापर्यंत उलटी चालत गेली, मग पळाली.

"इथे कोण आहे मग?" मागनूसने विचारलं.

"योझेफा."

त्याने ढिगाऱ्याकडे पाहिलं, पांढऱ्या मुकुटाकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटत गेलं. "म्हणजे सकाळपासून मी जे जे म्हटलं, ते सगळं तिच्या पदरात."

"पडू दे. तिच्याजवळ इतका वेळ कोण बसलं असतं?"

उठणं हेच काम झालं. त्याचे गुडघे आखडले होते, हिला वाकता येईना. शेवटी तो कबरीच्या कडेला हात टेकून उठला, आणि उठता उठता मातीला "माफ कर, बाई," असं म्हणाला.

घरी जाताना तो तिच्या अर्धं पाऊल मागे चालला. मधेच तिची बाही धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. घरी क्रेसेन्झबाईने लेकाला पाहिलं आणि आधी त्याला बुटांच्या चिखलावरून चार शब्द सुनावले. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. वाल्लीबरोबर फिडेल आला तो दारातच थांबला. आत ये म्हटलं, तर म्हणाला, "आधी तिला मीठ खाऊ दे."

"आता मीठ कशाला?"

"मेलेली माणसं मीठ खात नाहीत. मला ठाऊक आहे तू जिवंत आहेस. पण माझ्या पायांना अजून पटलेलं नाही."

कुणी हसलं नाही. मागनूसही हसला नाही. क्रेसेन्झबाईने पावाचा जाड तुकडा कापला, त्यावर लोणी लावलं आणि चिमूटभर मीठ भुरभुरवून तो सुनेपुढे ठेवला. अफ्राने क्रूसाची खूण केली आणि पहिला घास घेतला. चौघंही तिच्या तोंडाकडे पाहत होती. ती सावकाश चावत होती, आणि घास गिळेपर्यंत त्या घरात कुणी श्वास सोडला नाही.